सणांच्या सुट्टीतील वाचन-सराव संच : पहिली-दुसरीच्या मुलांसाठी कितपत उपयोगी?

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी, पहिली-दुसरीच्या मुलांकरिता, सणांवर बेतलेल्या वाचन-लेखन सरावाच्या दोन पुस्तिकांचा संच मी गेल्या वर्षी जळगावच्या एका दुकानातून घेतला आणि दोन्ही सुट्ट्यांत तो वापरून पाहिला. दोन्ही पुस्तिकांची मिळून किंमत २२० रुपये, पाने प्रत्येकी ६४, आकार मोठ्या वहीएवढा. प्रकाशकाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण याच साच्याच्या पुस्तिका निरनिराळ्या नावांनी शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात आणि पुढील बहुतेक विवेचन त्यांनाही लागू पडेल. संच घ्यावा की नाही, याचे माझे उत्तर असे, की दिवाळीचा भाग घ्यावा, मात्र त्यातील बरीच पाने खुशाल सोडून द्यावीत. उन्हाळ्याचा भाग दुकानातच उघडून पाहावा आणि मग ठरवावे. मी अमळनेर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचा जोडवर्ग घेते आणि वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुण्या-मुंबईच्या घरातील पालकाचा अनुभव काहीसा वेगळा येऊ शकेल.

या संचात जे खरोखर चांगले आहे, ते म्हणजे दिवाळीच्या भागातील गोष्टीवजा उतारे. वाक्ये चार-पाच शब्दांची, अक्षर ठसठशीत, चित्र उताऱ्याच्या वरच्या बाजूला आणि प्रत्येक वाक्य स्वतंत्र ओळीवर. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तशी नाही. वाक्य मध्येच तुटून खालच्या ओळीत गेले, की नुकतेच वाचू लागलेले मूल पहिली ओळ संपताच आवाज खाली आणते, थांबते, आणि पुढची ओळ नवेच वाक्य असल्यासारखी सुरू करते. अर्थ तेथेच निसटतो. या पुस्तिकेत तसे होत नाही, म्हणून एरवी अक्षरे जुळवत बसणारी मुलेही उतारा संपवून ‘मग काय झाले’ ते सांगू शकतात.

उताऱ्यांपैकी सर्वांत सरस उतारा वसुबारसेचा आहे. सायंकाळी गाय-वासराची पूजा करायची आहे, ताट तयार आहे आणि वासरू दावे सोडून पळाले आहे. आजी गोठ्यात पाहते, बाबा विहिरीकडे जातात, ताई शेजारच्या अंगणात डोकावते. वासरू शेवटी घरातल्याच कापसाच्या ढिगाआड झोपलेले सापडते. दिवाळीच्या सुमारास वेचणी होऊन आलेला कापूस घरात रचून ठेवणाऱ्या खानदेशातील मुलाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. गोठा, दावे, पूजेचे ताट, कापसाचा ढीग हे सारे त्याने पाहिलेले असते. ठाऊक नसते ते एवढेच, की वासरू गेले कोठे. तेवढ्यासाठी त्याला वाचावेच लागते. सणाच्या निमित्ताने वाचन घ्यायचे असेल तर त्याची रीत हीच आहे, असे माझे मत या पुस्तिकेने पक्के केले. भोवतालचे जग ओळखीचे हवे, घटना मात्र नवी हवी.

दुर्दैवाने ही रीत साऱ्या पुस्तिकेत पाळलेली नाही. लक्ष्मीपूजनाच्या पानावर घटना अशी काही नाहीच. दिवाळीत पणत्या लावतात, नवे कपडे घालतात, फराळ करतात, अशी माहितीपर वाक्ये एकाखाली एक येतात आणि खाली प्रश्न असतात : दिवाळीत आपण काय लावतो? दिवाळीत आपण काय खातो? मी उतारा हाताने झाकून हे प्रश्न विचारून पाहिले. ज्या मुलांना अजून सलग वाचता येत नाही, त्यांनीही सगळी उत्तरे बरोबर दिली, आणि त्यात नवल ते काय! असे पान पूर्ण सोडवलेले पाहून पालकाची समजूत होते की मूल वाचू लागले. प्रत्यक्षात मुलाने घरातली दिवाळी आठवून लिहिलेले असते. भाऊबीज आणि नाताळ यांच्या पानांवरही हाच दोष आहे, फक्त नाताळच्या पानावर तो उलट्या दिशेने दिसतो : ज्या मुलाने ख्रिस्ती शेजार कधी पाहिलेला नाही, त्याला सजवलेले झाड, घंटा आणि भेटवस्तू यांविषयीची सुटी वाक्ये पाठ करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्याच पानावर एखादे मूल आपल्या मैत्रिणीच्या घरी नाताळला गेले आणि तेथे काय घडले, एवढे सांगितले असते तरी वाचनाला आधार मिळाला असता.

आता पाठांच्या क्रमाविषयी, कारण सरावसाहित्याची पारख मी प्रथम त्यावरून करते. मराठीत आपण साध्या अक्षरांपासून काना, वेलांटी, उकार, मात्रा असे पुढे जातो आणि जोडाक्षरे व रफार बऱ्याच उशिरा हाताळतो. पहिलीच्या मुलाला साधी वेलांटीसुद्धा सोपी नसते, कारण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते आणि तिचा उच्चार मात्र नंतर होतो. सणांचा विषय घेतला की अडचण अशी उभी राहते, की पंचांगातील नावे जोडाक्षरांनी खच्चून भरलेली असतात : धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, बलिप्रतिपदा. ‘लक्ष्मी’ या एका शब्दात तीन व्यंजने एकत्र आली आहेत. पुस्तिकेने ही सर्व नावे पहिल्या काही पानांतच, मोठ्या रंगीत शीर्षकांत दिली आहेत आणि सोपे, बिनजोडाक्षरी उतारे नंतर ठेवले आहेत. पंचांगाचा क्रम पाळण्याच्या नादात वाचनाचा क्रम उलटा झाला आहे.

यावर उपाय नव्हता असे मुळीच नाही. लोकांच्या तोंडी असलेली सणांची नावे पाहिली, तर पोळा, दसरा, होळी, पाडवा, दिवाळी, ईद, नाताळ यांत एकही जोडाक्षर नाही. आमच्याकडील सण तर याबाबतीत फारच उदार आहेत : आखाजी (म्हणजे अक्षय्य तृतीया), कानबाई, भुलाबाई. पहिलीच्या मुलाने काना, वेलांटी आणि उकार शिकताच ही नावे त्याच्या आवाक्यात येतात, तर ‘अक्षय्य तृतीया’ वाचायला त्याला दुसरीची अखेर उजाडते. सोप्या नावांच्या सणांनी सुरुवात करून, दोन-तीन नवी जोडाक्षरे घेऊन मग ‘लक्ष्मीपूजन’ आणले असते, तर याच मजकुराचा उपयोग दुपटीने झाला असता. मी वापरताना पानांचा क्रम स्वतःच बदलला. बांधणी स्टेपलची असल्याने पिना काढून पाने सुटी करता येतात, हा त्या स्वस्त बांधणीचा अनपेक्षित फायदा.

प्रत्येक उताऱ्याखाली घड्याळाचे चित्र असून ‘एका मिनिटात किती शब्द वाचले?’ अशी चौकट दिली आहे. ही कल्पना निपुण भारत अभियानावरून घेतलेली उघड दिसते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या या अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, अर्थ समजून, वाचता यावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. पुस्तिकेने त्यातील शब्दसंख्या उचलली आणि अर्थ समजण्याची अट वाऱ्यावर सोडली. शिवाय मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, त्यामुळे ‘नरकचतुर्दशीच्या’ हाही एक शब्द आणि ‘तो’ हाही एकच. दोन उताऱ्यांतील शब्दसंख्या सारखी असली तरी त्यांची काठिण्यपातळी सारखी असेलच असे नाही. सुट्टीत घरी हे घड्याळ लावूच नये, असे मी पालकांना सांगितले. भावंडांमध्ये शर्यत लागते आणि पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देण्याची सवय जडते, ती शाळा उघडल्यावर मोडायला आम्हाला फार कष्ट पडतात.

भाषेच्या सरावाचा विभाग मात्र मला वाचनविभागापेक्षाही अधिक विचारपूर्वक केलेला वाटला. दिवाळीच्या वस्तूंमधून अनेकवचनाचे इतके प्रकार सहज हाती येतात, याकडे माझे यापूर्वी लक्ष गेले नव्हते. दिवा-दिवे, पणती-पणत्या, तोरण-तोरणे, माळ-माळा, लाडू-लाडू; मुलाला कोणताही नियम न सांगता पाच तऱ्हा एकाच पानावर येतात. मुले ताटातील फराळ मोजत मोजत चकली-चकल्या, करंजी-करंज्या, अनारसा-अनारसे अशी भर स्वतःच घालू लागतात. काळाचा सरावही असाच बेतलेला आहे. ‘काल वसुबारस होती, आज धनतेरस आहे, उद्या...’ अशी वाक्ये सुट्टीतल्या त्या-त्या दिवशी पूर्ण करायची असल्याने होता-होती-होते आणि असेल-असतील ही रूपे कारणाने वापरली जातात, ती घोकावी लागत नाहीत. चिवड्याची कृती ‘आधी, मग, नंतर, शेवटी’ या क्रमाने लावण्याचे पान तर उत्तमच. चित्रे कापून चिकटवायची असल्यामुळे लिहिता न येणारे मूलही क्रम दाखवू शकते, आणि लिहिता येणारे मूल प्रत्येक चित्राखाली वाक्य लिहू शकते. जोडवर्ग घेणाऱ्या शिक्षकाला अशी पाने किती मोलाची, हे तोच जाणे.

शुभेच्छापत्र आणि मामाला पत्र ही पाने ठीक आहेत. शब्दकोडी आणि ठिपके जोडा यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. मुलांना ती आवडतात, वेळ जातो, वाचन होत नाही.

उन्हाळ्याच्या भागाबद्दल माझी नाराजी अधिक आहे आणि तिचे कारण प्रदेशाशी निगडित आहे. मुखपृष्ठावर ‘आपले सण, आपली भाषा’ असे छापले आहे. आत गुढीपाडवा, महाराष्ट्र दिन, आंब्याचा रस आणि समुद्रकिनाऱ्यावरची सहल आहे. अक्षय्य तृतीयेला ‘या दिवशी सोने खरेदी करतात’ एवढे एकच वाक्य मिळाले आहे. खानदेशात आखाजी हा दिवाळीच्या तोडीचा सण आहे. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, झोक्यावर गाणी होतात, गौराई बसते, पितरांसाठी पाण्याची घागर भरली जाते, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. शेतावरच्या सालदाराचे वर्षही आखाजीपासून आखाजीपर्यंत मोजण्याची येथील रीत आहे, त्यामुळे शेतमजुराच्या घरातील मुलाला त्या दिवसाचे महत्त्व आणखी वेगळ्या कारणाने ठाऊक असते. एवढे सारे कथाबीज एका सोन्याच्या वाक्यात संपवावे, हे सराव तयार करणाऱ्यांनी राज्याचा नकाशा पुरता उघडून न पाहिल्याचे लक्षण आहे. दिवाळीच्या भागात किल्ला बांधण्याला दोन पाने दिली आहेत. ती प्रथा पश्चिम महाराष्ट्रात जितकी रुजलेली आहे, तितकी आमच्या खेड्यांत नाही. किल्ल्याला माझा विरोध नाही, पण दोन्ही गोष्टींना सारखी जागा हवी होती.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की खानदेशातील सगळेच सण या पुस्तिकांत नाहीत म्हणून तक्रार करता येणार नाही. कानबाई श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी येते, सातपुड्यातील काठी या गावची होळी फाल्गुनात असते, सारंगखेड्याची घोड्यांसाठी प्रसिद्ध असलेली यात्रा दत्तजयंतीला भरते. या काळात शाळा चालू असतात आणि पुस्तिका तर सुट्टीच्या आहेत. भुलाबाई मात्र भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागरीला तिचा समारोप होतो, म्हणजे नवरात्रापासून सुरू होणाऱ्या दिवाळीच्या भागात ती सहज बसली असती. तिच्यासाठी नवे खेळ शोधण्याचीही गरज नव्हती. गाणी झाल्यावर झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखण्याचा जो खेळ मुली खेळतात, तो आयताच भाषेचा सराव आहे. गोड की तिखट, ओला की कोरडा, फोडावा लागतो का, वास कसला, असे प्रश्न विचारीत विचारीत उत्तरापर्यंत जायचे असते. मी वर्गात हाच खेळ चिठ्ठ्यांवर उतरवला. एका मुलीने खाऊचे तीन विशेष लिहायचे आणि इतरांनी ते वाचून खाऊ ओळखायचा. मुलग्यांनीही हट्टाने भाग घेतला, आणि एरवी एक ओळ लिहायला कुरकुरणाऱ्यांनी चिठ्ठ्यांच्या दोन्ही बाजू भरल्या.

घरच्या बोलीचा प्रश्न या संचाने विचारातच घेतलेला दिसत नाही. आमच्याकडे अहिराणी, यावल-रावेरच्या पट्ट्यात लेवा गणबोली, नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिली आणि पावरी, अशा बोली घेऊन मुले शाळेत येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा शिक्षणाचे माध्यम असावी असे म्हटले आहे. त्यासाठी सगळी पुस्तिका बोलीत काढावी असा माझा आग्रह नाही. छापील प्रमाण मराठी मुलांना वाचता आलीच पाहिजे. पण ‘चित्र पाहून पाच वाक्ये लिहा’ या सूचनेच्या आधी ‘चित्रातली गोष्ट घरच्या बोलीत मोठ्याने सांगा’ अशी एक ओळ घालायला काहीच खर्च नव्हता. मी ती ओळ तोंडी घातली. आधी आजीजवळ अहिराणीत आखाजीची हकीकत सांगितलेल्या मुलाने नंतर मराठीत लिहिलेली वाक्ये लांब होती आणि त्यांत माणसे होती. थेट लिहायला बसलेल्या मुलाने ‘झोका छान आहे. मला झोका आवडतो’ येथेच पेन्सिल ठेवली.

छपाईविषयी थोडे. कागद पातळ आहे. पेन्सिलीने जोर देऊन लिहिणाऱ्या मुलाच्या अक्षराचा वळ मागच्या पानावर उठतो आणि खोडले की कागद सोलवटतो. लिहिण्याच्या रेघा एकेरी आहेत, पहिलीला दुरेघी हव्या होत्या. टंक निवडताना ल आणि श हिंदी वळणाचे घेतले आहेत. शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयात या दोन अक्षरांची मराठी वळणे निश्चित केलेली असून पाठ्यपुस्तकांत मुले तीच पाहतात, त्यामुळे पहिलीचे मूल ‘लाडू’ पाशी उगाच अडखळते. ‘आणि’ काही ठिकाणी ‘आणी’ असा छापला आहे. लेखन शिकवणाऱ्या साहित्यात हा दोष मला अक्षम्य वाटतो. क्यूआर कोडवरून ऐकू येणारे वाचन स्पष्ट आहे, पण वेग मोठ्या माणसाचा आहे, आणि ज्या पाड्यांवर फोनला रेंजच नाही तेथे त्या चौकोनाचा उपयोग शून्य.

किमतीचा विचार केला तर दिवाळीचा भाग एकटा मिळत असल्यास शंभर-सव्वाशे रुपये देण्यास हरकत नाही. संच म्हणून दोन्ही घेण्याची सक्ती करणारे दुकान टाळावे. निव्वळ वाचनासाठी गोष्टी हव्या असतील, तर प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी मोफत मिळतात. त्या चार पातळ्यांत विभागलेल्या असून नुकतेच वाचू लागलेल्या मुलांसाठी पहिली पातळी आहे. त्यांचा परवाना खुला असल्याने श्रेय देऊन त्या छापता, भाषांतरित करता आणि आपल्या गावाप्रमाणे बदलताही येतात. तेथे भाषेचे सरावप्रश्न नाहीत, ते शिक्षकाला स्वतः काढावे लागतील. पण वासराच्या गोष्टीसारखी गोष्ट समोर असली की प्रश्न सुचायला वेळ लागत नाही.

दिवाळीचा भाग घेणाऱ्यांनी दुकानात तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. वसुबारसेचा उतारा, अनेकवचनाचे पान आणि चिवड्याची कृती ही तिन्ही आपल्या हातातील प्रतीत असावीत, कारण जुन्या आवृत्तीच्या काही प्रतींत कृतीच्या जागी रंगवायचे चित्र आहे. उत्तरसूची शेवटच्या पानावर छापलेली असते. मुलाच्या हाती देण्यापूर्वी ते पान काढून घ्यावे.